नीम, निमेटा

सून म्हणाली, फोटो दाखवा की सगळ्यांना.
दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर
सतरंजी पडली, लीला चिवडा फिरला.
मी सुरू केलं : हे फ्रान्समधलं नीम.
"म्हणजे लीमडो?" ज्योत्स्नाबेन.
नाही हो, गावच तसं. झाड एकही दिसलं नाही.

हे रोमन रिंगण. अजून बसायला दगड आहेत.
हे देऊळ, आत देव नाही.
टेकडीवरचा बुरूज, खालूनच घेतलाय,
गुडघे.

"आणि हे काय?"
हे एक गोल टाकं,
रस्त्याच्या कडेला, कठड्याआड, कोरडं.
भिंतीला दहा भोकं.
याचे सतरा फोटो आहेत.

सुनेनं बोटानं पुढे सरकवलं, मी मागे आणलं.
चौतीस वर्षं निमेट्याला व्हॉल्व्हवर काढलीत मी.
आजव्याचं पाणी पंपाशिवाय,
नुसत्या उताराच्या भरवशावर
गावाकडे निघतं, ते रात्रपाळीत ऐकलंय.
तिथेही तसंच. पन्नास किलोमीटर लांबून,
किलोमीटरला वीतभर उतार,
आणि शेवटी हे टाकं.
हे भोक कुठल्या आळीचं, हे कुठल्या हमामाचं,
उन्हाळ्यात आधी कुणाचं बंद करायचं,
कुणीतरी ठरवत असणार.
शिव्याही त्यालाच.
त्याच्या बायकोला शेजारणी म्हणत असतील,
तुमच्याकडे बरं येतं हो, धो धो!
कठड्यावरून वाकलो. हात पुरला नाही.

मग फुटपाथमधली पितळी चकती आली :
ताडाला साखळीनं बांधलेली मगर.
रोमन नाण्यावरची, आता गावाची खूण,
पावलोपावली.
आणि गच्ची एकदम जागी झाली.
"आपल्याकडे कोण बांधणार!"
पुराच्या साली अकोट्यात ओट्यावर चढलेली,
श्रीरंगच्या स्कूटरखाली निजलेली,
पोत्यात घालून विश्वामित्रीत सोडलेली.
हात पसरून जो तो लांबी दाखवत होता,
आणि दर वेळी ती फूटभर वाढत होती.
रोम राहिलं बाजूला.
फोन सुनेनं चार्जिंगला लावला.

पहाटे पाच पन्नासला टाकीत पाणी पडायला लागलं.
पडल्या पडल्या ऐकलं :
धार बारीक. मध्येच हवा.
मांडवीच्या अलीकडे कुठेतरी फुटलंय.
ऑफिसला कळवायला हवं.
नंबर पाठ आहे.
उचलणारा मला ओळखेल का,
एवढंच.