माइकमधली बॅटरी

भोयर सिस्टरचा ओव्हन टेबलावर उताणा.
पीएचसीच्या क्वार्टरातून सायकलच्या कॅरिअरवर
सुतळीनं आवळून आणलेला,
काचेला आतून वरणाचा वाळका शिंतोडा.
"रात्री अकराले डिलिव्हरी उरकून येतो,
मंग कोण गॅसपाशी उभं राहते, भाऊ?"
एवढं बोलून त्या परत ओपीडीकडे.

मी आधी कपॅसिटर उतरवून घेतला.
प्लग काढला तरी
हा गडी राग गिळून बसलेला असतो.
दारव्ह्याचे गफूरभाई शिकवायचे,
एक हाथ जेब में रख, तभी शाम को घर जाएगा.
गफूरभाई जाऊन नऊ वर्षं झाली.
माझा डावा हात अजून आपोआप खिशात जातो,
खर्ऱ्याच्या पुडीपाशी.

मग डायोड. काळा, शेंगदाण्याएवढा,
अंगावर एक पांढरी पट्टी.
एक पाय मोकळा केला, मीटर लावलं.
या बाजूनं काही नाही.
उलटं धरलं, काही नाही.
जायचं तर एका बाजूनं तरी जायला हवं,
त्याचा जन्मच तेवढ्यासाठी.
"गेला," मी म्हणालो,
वीस वर्षं म्हणत आलो तसंच,
आणि नव्यासाठी खण ओढला.

सुषमा आत्राम, आयटीआय वायरमन,
दुकानात येऊन सव्वा महिना,
कूलरच्या मोटरला तार गुंडाळत होती.
मान वर न करता म्हणाली,
"गेला नाही दादा. मीटरच कमी पडते.
आतमंधी एकामागं एक किती तरी रचेल असतेत.
दोन-तीन व्होल्टानं इचारलं
तं कोण बोलंल?"

नऊ व्होल्टची बॅटरी पाहिजे होती.
किराण्यात पेन्सिल सेल, मोबाइलवाल्याकडे कव्हरं.
शेवटी ग्रामपंचायतीच्या कॉर्डलेस माइकमधली,
शिपाई सूर्यभानच्या हातापाया पडून,
चारच्या ग्रामसभेआधी आणून द्यायच्या बोलीवर.

बॅटरी, डायोड, मीटर, एका ओळीत.
सुषमानं तारा बोटांनी दाबून धरल्या.
शून्य.
पट्टीचं टोक फिरवलं,
आणि आकडे हलले:
चार पूर्णांक सहा.
परत उलटं, शून्य. परत सुलटं, चार पूर्णांक सहा.
कूलरची मोटर तशीच पडून,
बाहेर एसटी लागली, सुटली,
आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत.

आजार दाराच्या स्विचमध्ये निघाला.
साठ रुपयांचा.

तेव्हाच बसायला हवं होतं मी, चहा सांगून.
पण हात फळीवर गेला,
बोर्नव्हिटाच्या गंजक्या डब्याकडे.
त्यात मी मेलेले टाकायचो,
कशाला ठेवले कोण जाणे, तांब्यासाठी असेल.
अकरा होते.
पहिला मेलेला, दोन्हीकडून पुरे नऊ.
दुसरा: चार पूर्णांक पाच.
तिसरा: चार पूर्णांक सात.
सुषमा मोजत नव्हती, मीच मोजत होतो.
अकरात सात जिवंत.

मानोरा रोडच्या बेकरीचा एक.
खंडारे मास्तरांचा एक, मुलानं पुण्याहून पाठवलेल्या ओव्हनचा.
प्रत्येकाला मी नवा टाकला,
मग फ्यूजही बदलला, स्विचही बदलला,
ओव्हन चालला, आणि नाव डायोडचं झालं.
अडीचशे रुपये प्रत्येकी.
खोटं नव्हतो बोललो.
मीटर म्हणत होतं तेच सांगत होतो.

"डबा फेकू का दादा?"
"राहू दे."

पावणेचारला बॅटरी माइकमध्ये परत गेली.
सरपंच त्याच नऊ व्होल्टांवर दीड तास बोलले,
एकाच दिशेनं.
मध्येच कोणी तरी पाण्याच्या टाकीचं विचारलं,
ते भोंग्यातून आलं नाही.

सिस्टर आल्या तेव्हा सात वाजले होते.
मी साठच घेतले.
त्यांनी कपभर पाणी ठेवून एक मिनिट लावलं,
आतला दिवा लागला, ताट फिरू लागलं.
"बरं झालं," त्या म्हणाल्या, "मले वाटलं गेलाच."

मी डब्याचं झाकण लावत होतो.
नीट बसत नाही ते, कडेला पोचा आहे.