अर्धा लांडगा

देशाला किती लांडगे परवडतात, ते राजधानीत ठरतं.
आकडा लहान आहे, एका हाताच्या बोटांवर मावेल.
आणि सीमेवरची जी जोडी
रात्री आमच्याकडे, पहाटे स्वीडनात,
तिचं वेत अर्धंच धरायचं, असा नियम.

नियम मी करत नाही. मी मेलेल्या मेंढ्या सोलते.
ऑगस्टात गुनवोरच्या कुरणावर सकाळपासून सहा.
गळ्याचं कातडं उलटं केलं की कळतं:
दातांखाली रक्त साकळलं असेल
तर मेंढी जिवंतपणी धरली;
नसेल, तर आधी मेली, मग कुणीतरी खाल्ली,
भरपाई नाही.
गुनवोर सुरीकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.
चौथीला मी मान हलवली.
"तू नक्की कुणाची गं?"
आम्ही एका बाकावर शिकलो.

ऑक्टोबरात शाळेच्या हॉलमध्ये सभा.
ऑस्लोहून आलेल्या पोराने नकाशा लावला,
त्यात आमचं गाव हिरव्या रंगाखाली गेलेलं.
'लांडगा आला रे' असं इथे कुणी ओरडत नाही;
हात वर करतात, माइकची वाट बघतात.
हाल्वार म्हणाला,
पोस्ट गेलं, प्रसूतिगृह गेलं, शेवटची बस गेली.
गेलेल्यांपैकी परत आला तो हा एकटा.
लोक हसले.
मग बराच वेळ कुणी हसेना.
मागून ओड्नी उठली, तिसरीच्या वर्गाची बाई:
मला पोरांना तो आवाज एकदा ऐकवायचाय.
एवढंच बोलून बसली.
त्या रात्री तिच्या गाडीचे चारही टायर कुणी फाडले.
त्या जखमा तपासायला मला बोलावलं नाही.

नाताळाआधी गुनवोरने कळप विकला.
घंटा ठेवल्या. दाराशी टांगल्यात,
वारा सुटला की रिकामं कुरण चरतं.

फेब्रुवारी. माग मोजायचे दिवस.
सीमा म्हणजे जंगलात तोडलेला सरळ पट्टा
आणि थोड्या थोड्या अंतरावर पिवळे दगड.
मादी आली होती दोऱ्यात ओवल्यासारखी,
मागचं पाऊल बरोबर पुढच्या पावलात.
एका दगडाला हुंगून
त्याच्या दोन्ही अंगांना मुतली होती.

पिवळा बर्फ मी बाटलीत भरला.
तारीख घातली, वेळ घातली.
'देश' या रकान्यापाशी पेन गोठलं.
तोंडाजवळ धरून ऊब दिली,
झटकलं,
पुन्हा टेकवलं.