पाटी

महापालिकेचं पत्र चार ओळींचं होतं.
रुंदीकरणात बाधित मिळकती, एकूण एकसष्ट.
प्रत्येकीचा दर्शनी फोटो, नंबरासह. माणूस नको.
दर फोटोमागे तीस रुपये.

लग्नाच्या ऑर्डरी मी त्या साली सोडल्या होत्या.
वडिलांचा स्टुडिओ तेवढा चालू,
एका भिंतीवर काश्मीर,
दुसरीवर पासपोर्टचा निळा पडदा.

धुळ्याचा मे महिना, सकाळी नऊलाच
कॅमेऱ्याला हात लावता येईना.
गल्लीतली होती नव्हती ती सावली
ओट्यांखाली कुत्र्यांनी वाटून घेतलेली.
वर गच्च्यांवर बिबडे कडक होत होते.

नंबर खडूने पाटीवर लिहायचा, पाटी भिंतीला टेकवायची.
ती टेकेना.
ओट्यापुढे गटार, गटारावर फरशी, फरशी डुगडुगती.
पहिल्याच घरी सुपडू भावसार म्हणाले, आण, मी धरतो.
मग आत गेले
आणि टोपी घालून आले.

तिथून पुढे सगळी गल्लीच बिघडली.

नंबर सात, शकुंतलाबाई बडगुजर.
खापरावरचा मांडा उतरवून तशाच बाहेर,
कोपरापर्यंत ओली कणीक.
पाटी त्यांनी पदराने स्वच्छ पुसली. नंबरसुद्धा.
मी पुन्हा लिहिला.

नंबर बारा, नईम अन्सारी,
माग बंद करून आला तरी कानात खटखट चालूच,
म्हणून ओरडून विचारलं,
"हसू का?"

एकोणीसचं दार बंद.
दारामागून आवाज, आधी दोरीवरचे कपडे काढू द्या.
तेवीसला दोघे भाऊ, कोर्टात वाटणीचा दावा,
पाटीचं एकेक टोक धरून
एक पूर्वेला बघत, एक पश्चिमेला.
चौतीसला धुडकूबाबा, "बठीसन काढ ना माय,
पाय दुखी ऱ्हायनात."
पाटी मांडीवर, पाटीवर काठी आडवी.
एक्केचाळीसच्या पोराने माझा नंबर पुसून
वर्गातला स्वतःचा हजेरी नंबर टाकला: १७.
तो मी घरी येऊन पाहिला.

वडील प्रत्येकाला म्हणायचे, हनुवटी खाली, इकडे बघा.
मी काहीच म्हटलं नाही.
बाजूला व्हा, एवढं म्हणायचं होतं खरं तर.

कनिष्ठ अभियंता गिरासे यांनी सगळे फोटो
एका अंगठ्याने वर सरकवले.
"माणूस नको म्हटलं होतं ना, मॅडम?
कापून द्या."

रात्रभर कापत बसले.
टोपी गेली, कणीक गेली, दोघे भाऊ दोन्हीकडून गेले.
नंबर मात्र कापता येईना,
आणि नंबराला बोटं धरून होती.
फाईलमध्ये आता एकसष्ट भिंती आहेत
आणि प्रत्येक भिंतीपुढे हवेत एक पाटी,
तिच्या कडेला नखं,
कुणाची पिवळी, कुणाची मागाच्या तेलाने काळी,
एकाचं अंगठ्याचं नखच नाही.
गिरासेंनी सही केली. त्यांना ती दिसली नाहीत,
किंवा दिसली.

रस्ता झाला. चांगला झाला.
ट्रायपॉड जिथे लावला होता
तिथे आता दुभाजकातली कण्हेर आहे,
पाणी टँकरने घालतात.
एकोणीसच्या जागी मोबाईलचं दुकान,
दार काचेचं.

लोक अजून येतात स्टुडिओत कॉपी मागायला.
सुरतहून आलेला कोणी, देवपुरात भाड्याने राहणारे कोणी.
मी न कापलेले काढून देते.
पैसे घेते कधी, कधी राहतात.

परवा शकुंतलाबाई आल्या.
चष्मा लावून बराच वेळ बघत बसल्या.
फोटो झकास आलाय, म्हणाल्या,
तेवढी पाटी काढून टाक.

मी म्हटलं, माणूस कापता येतो, काकू.
पाटी काढली तर तिच्यामागे काय होतं
ते माझ्याकडे नाही.

त्यांनी आठवून पाहिलं.
मग पिशवीत फोटो टाकता टाकता म्हणाल्या,
राहू दे मग.
पोलक्याचं बटण तुटलेलं होतं त्या दिवशी.