सर्टिफिकेट कोर्स

लुसियाँ गेला तेव्हा कापशीचा जोड घेऊन गेला,
आत विंचू घातलेला, कुरकुरणारा.
बदल्यात ही तबकडी ठेवली
गेस्ट हाऊसच्या कॉटवर, चिठ्ठी लावून.
चिठ्ठीत माझं नाव चुकलेलं: नेमगोंदा.

कव्हरावर एक अक्षर नाही.
काळ्यावर फक्त नारिंगी भोक,
फौंड्रीत क्युपोलाचं तोंड फोडल्यावर दिसतं तसं.

पहिल्यांदा लावली तर वाटलं, सुई अडकलीय.
पियानोचे तेच पाच सूर, तेच पाच, तेच पाच.
उठलो, हात पुढं केला,
तेवढ्यात खालून बास आला,
शिये फाट्यावर उसाचा ट्रॅक्टर
दोन ट्रेलरांसकट चढ घेतो तसा,
आणि त्यावर बायांचा घोळका, गात नव्हता,
हाका मारत होता,
पलीकडच्या काठाला कुणाचं पोर बुडतंय जणू.
मग तो पुरुष.
राजमती आतून म्हणाली,
"ह्याला कोण मारतंय, का ह्योच कुणाला मारतोय?"

तरी दर सोमवारी, उद्यमनगरच्या सुट्टीला,
दार लावून मी तीच बाजू लावायचो.
एकच गाणं, एकोणीस मिनिटं.
शब्द कळले की सगळं बसेल, असं वाटायचं.
ड्राफ्ट्समन माणूस मी,
माप लिहिलेलं नसलं की मला झोप येत नाही.

म्हणून विद्यापीठात नाव घातलं.
वर्षभर, संध्याकाळी सहा ते साडेसात,
बीएस्सीच्या पोरी आणि मागच्या बाकावर मी,
नखांत काळी वाळू.
पाव मागता येऊ लागला,
स्टेशनचा रस्ता विचारता येऊ लागला,
माझी मावशी आजारी आहे
हे तिन्ही काळांत सांगता येऊ लागलं.

परीक्षा झाली. तबकडी सायकलला बांधून
राजारामपुरीत किणीकर मॅडमच्या घरी गेलो.
चष्मा काढून त्यांनी ऐकलं, पूर्ण बाजू.
चहावर साय धरली.
मग डॉक्टर रिपोर्ट सांगतो तशा आवाजात म्हणाल्या,
"पाटील, ही फ्रेंच नाही.
ही कुठलीच भाषा नाही. त्यांनी ती घरी केलीय."

घरी केलीय.
घरी केलेल्या शेवया माहीत होत्या, साबण माहीत होता,
बुधगावकडचा एकजण घरी बंदूक करायचा, तेही ऐकलेलं.

सदबा आवळे आमच्याकडं वाळू चाळायचा,
कुस्तीच्या मैदानात हलगी.
त्याला काही सांगितलं नाही, नुसती सुई ठेवली.
तो उंबऱ्यात बसला, कागद पेटवून हलगी शेकत,
मान तिरपी.
"अकरा हाईत," म्हणाला. "लंगडं न्हाई. अकरा."
"आणि बोल?"
"बोलाचं काय करायचंय?"

आठव्या मिनिटाला लाईट गेली.
ओरडणारा माणूस ओरडता ओरडता जाड होत गेला,
म्हशीसारखा हंबरला, थांबला.
राजमतीनं काडी ओढली
आणि सदबानं तिथूनच उचललं,
अकरा, अकरा, अकरा.
फळीवरची ताटं थरथरायला लागली.
शेजारचे दस्तगीरभाई तक्रार करायला आले
आणि चपला काढून आत बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. लाईट आली.
तबकडी आपसूक फिरू लागली,
पण आता ती आणि हलगी
एकमेकींना दोन मात्रांनी चुकत होत्या.
मी सदबाकडं बघितलं.
"आपलं बराबर हाय," हात न थांबवता तो म्हणाला,
"त्यो चुकलाय."

त्याच आठवड्यात लुसियाँला पत्र लिहिलं, फ्रेंचमध्ये.
नमस्कार. मी बरा आहे. मावशी बरी आहे.
चपलेतला विंचू अजून वाजतो का, हे विचारायचं होतं,
त्याला शब्द सापडेना.
तिथं मी चपलेचा छेद काढला,
मिलिमीटरमध्ये, मापांसकट,
आणि विंचवाकडं बाण.