वायरखालचा अशोक

मिरजेत, दवाखान्यामागच्या बोळात
गटारीची फरशी आणि कंपाउंडची भिंत
यांच्यामधल्या हातभर मातीत तो उभा.
जागा खात नाही, म्हणूनच लावलेला.
फांद्या अंगासरशी खाली सोडलेल्या,
चौकशीला बोलावलेला माणूस हात सोडतो तशा.

मी वायरमन. वर अकरा केव्हीची लाइन.
दर साली चैत्र उतरला की
शटडाऊन घ्यायचा, शिडी टेकवायची,
कमरेला दोरी, दोरीला कोयता,
आणि तारेपासून पाच फूट सोडून
मुंडकं उडवायचं.
ऑर्डरमध्ये शब्द वेगळा असतो.

रणभिसे मेट्रन खाली उभ्या राहायच्या,
रिटायर होऊनही पांढऱ्याच साडीत,
मनगट उलटं करून घड्याळ बघत,
आत कुणाला टेबलावर घेतल्यासारख्या.
"शिकलगार, तिरका काप द्या. पाणी साचून कुजेल."
मी तिरका काप द्यायचो.
"आता पुरे."
साहेबांचं माप पाच फूट, बाईंचं साडेतीन.
मी चारवर थांबायचो.

एकदा म्हणालो, बाई, हा अशोक नव्हेच म्हणे.
पोराच्या पुस्तकात लिहिलंय, खोटा अशोक.
खरा बुटका असतो, लाल फुलांचा.
त्या म्हणाल्या,
"केसपेपरवर नाव चुकलं
म्हणून पेशंट खोटा होतो का?"

डहाळे खाली पडायच्या आत वाटले जायचे.
कोपऱ्यावरच्या मंडळाला कमानीसाठी,
सुतारांच्या शेवंताच्या मांडवाला,
एक भारा उरुसाला, आमच्या मोहल्ल्यात.
उरलेला पाला भोसल्यांची शेळी हुंगायची
आणि तोंड फिरवून निघून जायची.

डिसेंबरात बाई मला परत बोलवायच्या,
ड्युटीबाहेर, चहावर.
कामट्यांचा तारा, पतंगाचा कागद,
आत चाळीसचा बल्ब.
तो शेंड्याला बांधायचा.
शेंडा होताच कुठे? मीच नेलेला.
एका जागी दोन फुटलेले, कोवळे, तांबूस,
त्यांच्या बेचक्यात तारा नेमका बसायचा,
जसं काही त्यासाठीच मी आठ महिन्यांपूर्वी...
पण तसं नव्हतं. ऑर्डर होती.

मग बाई गेल्या. आषाढात.
रात्रभर वटवाघळं फळांवर आलेली,
बिया टपटप पत्र्यावर,
सकाळी शववाहिका निघाली तेव्हा
चाकांना चिकटून चार-दोन बिया गेल्या तिच्याबरोबर.
कुठं पडल्या असतील, ठाऊक नाही.

दोन वर्षांनी केबल जमिनीखालून आली.
वरची लाइन उतरवायला मीच होतो.
चैत्रच होता. हातात कोयता नव्हता,
म्हणून असेल,
पहिल्यांदाच झाड जवळून दिसलं.
डहाळ्यांना फुलं. झुबक्यांनी.
पानांच्याच रंगाची, हिरवट पिवळी,
सहा पाकळ्या, कडा जराशा मुरडलेल्या.
तारे. शेकड्यांनी.
बावीस वर्षं मी हे कापत आलो
आणि कॉलरीत, केसांत घेऊन घरी गेलो.
बायको दारातच झटकायची,
म्हणायची, कसला हो हा कचरा रोजचा.

आता ते दोन्ही शेंडे वर गेलेत,
समोरच्या बिल्डिंगच्या टाकीच्याही वर.
वारा सुटला की एकमेकांना घासतात,
चुलतभावांसारखे, बांधावरून.
असरची नमाज आटोपून परतताना
मी थांबतो खाली.
मान आपोआप वर जाते,
हात कमरेला, दोरी चाचपायला.
वर नुसतं आभाळ.
त्याच्यापासून किती फूट सोडायचं,
हे मला कुणी सांगितलेलं नाही.