इतिवृत्त

ग्रिम्सबीला दर बुधवारी आमच्या मंडळीची सभा भरते.
अकरा माणसं, दोन हीटर, त्यातला एक चालू.
इतिवृत्त मी लिहिते.
लिहायची मुभा आहे मला, बोलायची नाही.
हा नियम कुणी केला विचारलं
तर शास्त्राकडे बोट दाखवतात,
आणि मला नेमकं बोटाचं नख दिसतं.

विषय एक: रविवारी वचन कोण वाचणार?
श्री. कॉडल वाचायचे. फेब्रुवारीत त्यांना माती दिली.
श्री. स्टॅनिलँड यांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी,
डाव्यात मोतीबिंदू पिकतोय.
रॉयला लहानपणापासून अक्षरं नाचताना दिसतात;
शाळेनं त्याला ठोंब्या ठरवलं,
बोटीवर मात्र जाळ्याची एक गाठ कधी चुकली नाही त्याची.
बाकी आम्ही नऊ बायका.

ओमोलारानं तोंड उघडलं. ती नवी आहे,
या इमारतीची थंडी तिला अजून बाधलेली नाही.
"त्याच पत्रात शेवटी चुंबन घेऊन भेटा असं आहे.
आपण हात मिळवतो. तेही हातमोजे न काढता."
स्टॅनिलँड म्हणाले, तो त्या काळचा रिवाज.
"आणि हा?"

हीटर टकटकला.
मी लिहिलं: चर्चा झाली.

स्टॅनिलँड वाईट माणूस नाही.
माझ्या पहिल्या डिसेंबरात बायकोचा कोट
घडी घालून त्यांनी दारात ठेवला होता, बेल न वाजवता.
सभा संपल्यावर दिवे मालवताना म्हणाले,
"सुवार्ता, एक टाका ओढला
तर स्वेटर उसवायचा कुठे थांबतो, सांग."
मला उत्तर येत नव्हतं.
अजूनही येत नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना.
त्याच हातानं तुरुंगातून लिहिलंय:
हिवाळ्याआधी ये, आणि अमक्याकडे राहिलेला झगा आण.
इतकी शतकं आपण ते भक्तीनं वाचतो,
झगा आणायला कुणी निघालं नाही.
कुठलं वाक्य कुणाच्या दाराशी थांबतं
ते आपल्याला कळतं.
कधी कधी कळून घ्यायचं नसतं, इतकंच.

घरी येऊन मराठी शास्त्र उघडलं,
जालन्याहून आणलेलं, पुठ्ठा सुटलेलं.
मूळ ग्रीक मला येत नाही. स्टॅनिलँडनाही नाही.
मराठीत गप्प म्हणतात वर्गातल्या पोराला,
उगी उगी म्हणतात रडत्या लेकराला,
आणि आमच्याकडे वादळालाही उगा राहायला सांगितलंय.
म्हणून काही समुद्र कायमचा मुका झाला नाही.
रात्रपाळी नसली की खिडकीतून ऐकू येतो,
डॉकच्या पलीकडे,
आपलं काहीतरी सांगत.

पुढच्या बुधवारी
मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं.
नेहमी तेच वाचतात. वही जवळ धरली,
लांब धरली, दिव्याखाली नेली,
मग माझ्याकडे सरकवली.
"अक्षर तुझं आहे. तूच वाच."

मी उभी राहिले.
तारीख. हजर. गैरहजर: एनिड, गुडघा.
विषय एक.
आणि मग ते वचन आलं. त्यांनी तोंडपाठ म्हटलेलं
मी अख्खं उतरवलं होतं, स्वल्पविरामांसकट.
अख्खं वाचलं.
सर्दी झालेल्या, जालन्याच्या हेलाच्या,
बाईच्या आवाजात
बायांनी सभेत बोलू नये, हे.

कुणी हललं नाही.
रॉय डोळे मिटून बसला होता. म्हणाला,
"परत वाच. आज पहिल्यांदा नीट ऐकू आलं."
मी परत वाचलं.

स्टॅनिलँडनी पट्टीवर बोट टेकवलं.
"दुरुस्ती?"
ओमोलारा ओठ चावत छताकडे बघत होती.
"मग कायम."

मी खाली बसून लिहिलं:
मागील सभेचे इतिवृत्त वाचण्यात आले.
कुणी वाचलं, ते अशा वाक्यात
सांगावं लागत नाही.
रविवार चार दिवसांवर होता.