अकरा बेचाळीस

दुभाष्याच्या खोलीत आरसा नसतो.
काच असते. काचेपलीकडे कार्डिफच्या विधिमंडळातली
सात खुर्च्यांची समिती, पाण्याचे जग,
आणि कलम चौदा, उपकलम ब :
"गंभीर इजा" म्हणावं की "लक्षणीय इजा",
यात कालचा अख्खा दिवस गेला.

आमच्या धंद्याचा एकच नियम.
साक्षीदार "मी" म्हणाला की आपणही "मी"च म्हणायचं.
बावीस वर्षांत मी मेंढपाळ झालेय,
बंद पडलेल्या पोलाद कारखान्याचा फोरमन,
दोनदा मंत्री.
संध्याकाळी कोट चढवताना सगळे उतरवून ठेवते.

आज मी मारेद पेन्री.
स्लेटच्या खाणींच्या गावची. एरवी टपालखात्यात,
शनिवारी बारा वर्षांखालच्या पोरांच्या फुटबॉलची पंच.
"मी पेनल्टी दिली," मी म्हणते, तिच्या तीन शब्द मागून,
"चेंडू हाताला लागला होता. तो मुलगाही हो म्हणाला.
रात्री नऊपर्यंत माझ्या फोनवर तीनशे चाळीस निरोप.
माझ्या फाटकाचा फोटो.
माझ्या आईच्या दम्यावर एक विनोद.
मी तक्रार केली. चार मिनिटांत उत्तर :
नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.
शिव्या वेल्शमध्ये होत्या ना.
यंत्राला वाटलं असेल, पाककृती आहे."

हशा. थोडाच.

अध्यक्ष ग्रोनो चष्मा पुसतात.
एखादं उदाहरण देता येईल का? केवळ नोंदीसाठी.

ती कागद उलगडते.
पहिला शब्द मी इंग्रजीत देते.
दुसरा इंग्रजीत सपक होतो,
तर इमानदारीने चिमूटभर मीठ घालते.
तिसरा जनावराचा.
चौथा म्हणताना ध्वनियंत्रावरचा पोरगा मान खाली घालतो.
मग पाचवा.

पाचवा शिवी नाहीच मुळी.
आमच्या खोऱ्यात कळपामागे राहिलेल्या कोकराला म्हणतात,
लंगड्या, बाटलीने दूध पाजायच्या.
बूट उलटसुलट घातले की वडील मला म्हणायचे.
हा यांनी उचलला कुठून?
कुणाच्या तरी स्वयंपाकघरातूनच.
म्हणजे लिहिणारा परका नव्हे,
दोन गल्ल्या सोडून राहणारा,
त्यालाही कुणीतरी हाच शब्द म्हणत
कडेवर घेतलं असणार.

मला इंग्रजीत काही सापडेना.
एक सेकंद. तीन.
सातही जणांचे हात कानाकडे.
"आवाज येत नाहीये," अध्यक्ष म्हणतात.

मारेद वर बघते, काचेकडे, थेट माझ्याकडे,
शिट्टी ओठांत धरून पंच बघतो तशी.
आणि स्वतःच सांगते, चांगल्या खणखणीत इंग्रजीत :
"याला तुमच्याकडे शब्द नाही.
पण तो लागतो."

पुढे बरंच झालं.
एका अधिकाऱ्याने लक्षात आणून दिलं,
विषय लंडनच्या अखत्यारीतला, इथून फक्त पत्र जाईल.
पत्र कडक असावं, यावर एकमत.
किती कडक, यावर नाही.
कुणी म्हणालं, यंत्राला आपली भाषा शिकवू.
चांगली सूचना.
सुरुवात कुठून करायची, असं विचारल्यावर
सगळ्यांच्या नजरा मारेदच्या कागदाकडे.
हीच यादी. म्हणजे आधी शिव्या,
मग जमलं तर पाककृती.

जाताना ती जिन्यात भेटली.
मला बोलायचं होतं, पण तिचा फोन थरथरला
आणि तिने तो न बघता खिशात ढकलला,
ओला हातमोजा ढकलावा तसा.
शनिवारी सामना आहे, एवढंच म्हणाली.

गुरुवारी इतिवृत्ताचा मसुदा तपासायला आला.
समासात बारीक अक्षरात प्रश्न :
अकरा बेचाळीसला सात सेकंद काहीच नाही.
यंत्रात बिघाड?

मी लिहिलं, बिघाड नाही.
तेवढी जागा तशीच ठेवावी.
खाली सही केली.
मग परत वाचून पाहिली,
माझीच आहे ना.